वशिला, वार आणि वसतिगृह : महाराष्ट्रांतील विद्या व वेतन यांच्या जातवार विषमतेची एक उपेक्षित बाजू

जुन्या घराण्यांचीं दफ्तरें चाळण्याचा ज्यांस सराव आहे, त्यांच्या परिचयाचा एक कागद असा असतो : लहानशी मोडी चिठ्ठी, वर मायना, मग क्षेमकुशल, आणि त्यानंतर दोनतीन ओळींत इतकेंच कीं, पत्र घेऊन येणारा मुलगा आपल्या अमक्या स्नेह्याचा अथवा सोयऱ्याचा आहे, अक्षर बरें आहे, हिशेब जाणतो, तरी त्याची कोठें तरी सोय लावून द्यावी. अशा चिठ्ठींत लढाई नसते, तह नसतो, वतनाचा निवाडा नसतो. त्यामुळें यादी करतांना ती ‘किरकोळ’ या सदराखालीं जाते आणि रुमाल बांधून झाल्यावर तिच्याकडे पुन्हां कोणी पाहत नाहीं. आम्हीही अशा चिठ्ठ्या अनेक वर्षें किरकोळांतच घालीत आलों. तो आमचा प्रमाद होता असें आतां वाटूं लागलें आहे. त्याचें कारण सांगण्याकरितां हा लेखनप्रपंच.

महाराष्ट्रांत विद्या आणि पगार हीं निरनिराळ्या जातींत इतकीं विषम कां वांटलीं गेलीं, या प्रश्नाचीं दोन उत्तरें नेहमीं ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो कीं, कांहीं जातींत विद्येची परंपरा व बुद्धि होती आणि इतरांत ती नव्हती. दुसरा पक्ष म्हणतो कीं, इतरांस शाळेचें दारच बंद होतें. पहिलें उत्तर आम्हांस मुळींच ग्राह्य नाहीं. दुसरें खरें आहे, पण अपुरें आहे. कारण दार कायद्यानें उघडल्यानंतर पन्नास वर्षांनीही आंतल्या गर्दीचा चेहरा फारसा पालटला नव्हता. या दोहोंच्या मध्यें जो प्रदेश आहे त्याकडे इतिहासकारांनीं पुरेसें लक्ष दिलेलें नाहीं. परगांवीं शिकावयास गेलेल्या मुलानें राहावें कोणाच्या घरीं, जेवावें कोणाच्या पंक्तीस, आणि शिक्षण संपल्यावर कचेरींत त्याच्यासाठीं शब्द टाकावा कोणीं? हा सर्व मार्ग जातीच्या आंतूनच गेलेला होता. अन्न व आसरा ही गरीब विद्यार्थ्याला मिळणारी सर्वांत मोठी शिष्यवृत्ति. आणि रोटीव्यवहाराच्या निर्बंधामुळें नेमकी तीच जातीबाहेर देतां येत नव्हती.

पेशवाईपासून आरंभ करूं. भट घराणें श्रीवर्धनाहून देशावर आलें तेव्हां वेळासचे भानु त्यांच्या समवेत होते. १७१३ सालीं बाळाजी विश्वनाथांस पेशवेपद मिळालें आणि पुढें फडणिशी भानूंकडे आली, हें सर्वविश्रुत आहे. नाना फडणीस त्याच घराण्यांतले. या एका ओळखीच्या मागोमाग किती कुटुंबें कोंकणांतून घाट चढून आलीं त्याची मोजदाद कोणीं केलेली नाहीं. हा प्रकार एकाच जातीचा होता असें मात्र समजूं नये. छत्रपतींची चिटणिशी बाळाजी आवजींच्या वेळेपासून प्रभूंच्या घरांत राहिली. शिंद्यांच्या पदरीं जिवबादादा बक्षी, लखबादादा लाड असे शेणवी मुत्सद्दी एकामागून एक दिसतात. ज्या दौलतींत ज्या जातीचा एक माणूस बसला, त्या दौलतींत त्याच्या मागून त्याच्या भाऊबंदांस व जांवयांस जागा झाली. त्या काळीं यांत कोणास वावगें वाटत नव्हतें. खजिन्याची किल्ली किंवा गुप्त पत्र परक्याच्या हातीं देण्यापेक्षां ज्याच्या बापाला आपण ओळखतों त्याच्या हातीं द्यावें, हा साधा व्यवहार होता. कारकुनानें अफरातफर केली तर जामीन म्हणून सारें कुटुंबच उभें असे. गांवांत तर कुळकर्ण्याचा मुलगा बापाच्या शेजारीं बसूनच मोडी वळण आणि जमाबंदी शिकत असे. त्याला शाळेची गरज नव्हती आणि त्याच्या घराबाहेरील मुलाला ती विद्या शिकविण्याचें कोणास कारण नव्हतें.

इंग्रजी अंमलांत सरकारी विद्येचा आरंभ झाला तो याच पायावर. सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं तळेगांवीं चालू केलेली श्रावणमासची दक्षिणा पुढें पेशव्यांनीं पुण्यास चालविली. १८१८ नंतर एल्फिन्स्टननें ती एकदम बंद न करतां तिच्यांतील कांहीं रकमेंतून ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबाग वाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडण्यांत आली. विद्यार्थी केवळ ब्राह्मण, आणि त्यांस विद्यावेतन. १८२३ सालच्या आपल्या शिक्षणविषयक टिपणांत एल्फिन्स्टन हें मान्य करतो कीं, मिशनऱ्यांच्या अनुभवास हलक्या समजल्या गेलेल्या जातींचीं मुलें उत्तम विद्यार्थी म्हणून उतरतात. पण त्यांस विशेष उत्तेजन दिल्यास नवी विद्या वरच्या वर्गांत पसरणार नाहीं, अशी धास्ती तो त्याच जागीं व्यक्त करतो. पुढें १८४९ सालीं लोकहितवादी प्रभृति तरुण मंडळींनीं दक्षिणेच्या रकमेंतून मराठी ग्रंथांस उत्तेजन द्यावें असा अर्ज केला. १८५१ सालीं पाठशाळा व इंग्रजी शाळा यांचें एकीकरण होऊन झालेलें पुणें कॉलेज सर्व जातींस खुलें झालें. त्यानंतर दक्षिणा फंडाचे ‘फेलो’ नेमले जाऊं लागले. रानडे तसे फेलो होते, आगरकरही होते. श्रावणांत रमण्यावर वांटला जाणारा पैसा अशा रीतीनें तीस-चाळीस वर्षांत कॉलेजाच्या वर्गांत येऊन पोंचला. पैशाचें रूप पालटलें, पण तो ज्या घरांत जात होता तीं घरें बव्हंशीं तींच राहिलीं, आणि नियमांत तर आतां जातीचें नांवही नव्हतें.

याचा उलगडा ‘वार’ या एका शब्दांत आहे. वार लावून जेवणें म्हणजे काय, हें आमच्या वडील पिढींतील वाचकांस सांगावयास नको, नव्यांसाठीं सांगतों. पुण्यासारख्या शहरांत शिकावयास आलेला गरीब ब्राह्मण मुलगा सात घरें धरीत असे. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं, याप्रमाणें आठवडा भरे. एखादा वार रिकामा राहिला तर माधुकरी किंवा उपास. निजावयास एखाद्या वाड्याची ओसरी अथवा देऊळ. या व्यवस्थेंत अपमान पुष्कळ होता व पोटही नेहमीं भरत होतें असें नाहीं. पण अर्थशास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें तर महिन्याचा सर्वांत मोठा खर्च येथें शून्य होत होता. राहिली फी आणि पुस्तकें. शिवाय ज्या घरीं जेवण त्याच घरचा यजमान बहुधा कोठें ना कोठें कारकून, शिरस्तेदार, वकील किंवा मास्तर. मुलाची हुशारी त्याच्या डोळ्यांसमोर वाढे. कचेरींत उमेदवाराची जागा निघाली कीं त्याला हा मुलगा आठवे. जेवणाचें घर हेंच पुढें शिफारसीचें घर होई.

आम्ही येथें कोणाच्या कष्टांची अवहेलना करीत नाहीं. धोंडो केशव कर्वे १८७५ सालीं परीक्षेसाठीं मुरुडाहून साताऱ्यास शंभरावर मैल पायीं गेले, आणि वयानें लहान दिसतो म्हणून त्यांस बसूं दिलें नाहीं, ही हकीकत त्यांनीं स्वतःच लिहून ठेविली आहे. आगरकरांनीं कऱ्हाडास कचेरींत उमेदवारी केली, शिक्षणासाठीं रत्नागिरीस पायीं गेले, तेथें सोय न लागल्यामुळें परतले. शेवटीं अकोल्यास नातलगांकडे राहून आणि तेथील हेडमास्तर विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्या आश्रयानें १८७५ सालीं मॅट्रिक झाले. गोखल्यांचे वडील वारल्यावर थोरले बंधु गोविंदराव यांनीं शिक्षण सोडून कागलास पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये दरमहा धाकट्या भावास पाठविले. दारिद्र्य या तिन्ही घरांत खरें होतें. पण हीं चरित्रें आजपर्यंत केवळ जिद्दीचे दाखले म्हणून वाचलीं गेलीं. संशोधकानें तींच पुन्हां एकदां जरा निराळ्या नजरेनें वाचावीं. अकोल्याचे नातलग, तेथील हेडमास्तर, कागलची कारकुनी, हीं तीन टेकणें काढून घेतलीं तर काय उरतें? तितकाच बुद्धिमान व तितकाच दरिद्री असा कुणब्याचा मुलगा कऱ्हाडाहून अकोल्यास कोणाकडे गेला असता? त्याचे नातलग शेतावर होते, शहरांत होते ते हमालींत किंवा पलटणींत होते. महार मुलाची गोष्ट तर पुसावयासच नको. त्याला ओसरी आणि देऊळ दोन्ही बंद होतीं.

आतां आंकडे पाहूं. १८८१-८२ सालीं मुंबई इलाख्यांतील शाळांची जी गणती हंटर कमिशनपुढें आली तींत अस्पृश्य जातींचीं मुलें प्राथमिक शाळांत २,८६२ आहेत, मिडल स्कूलांत १७ आहेत, आणि हायस्कुलांत व कॉलेजांत एकही नाहीं. उतरण कोठें लागते तें लक्षांत घ्यावें. प्राथमिक शाळा गांवांत असते आणि मूल घरीं जेवून शाळेंत जातें. वरची शाळा तालुक्यास किंवा जिल्ह्यास. मुलाला घर सोडावें लागलें तेथेंच २,८६२ चे १७ झाले. गांवच्या शाळेंतही त्यास कोठें बसवीत, किती दिवस टिकूं देत, हीं कारणें आहेतच. परंतु एवढा कडेलोट केवळ त्यांनीं समजत नाहीं. नोकरीचा आंकडा १८८६-८७ सालचा, पब्लिक सर्व्हिस कमिशनाच्या वेळचा आहे. मुंबई इलाख्यांत सनदी नोकरीच्या खालच्या दर्जाचीं न्याय व मुलकी खात्यांतील ३८४ पदें; त्यांवर हिंदु ३२८. या ३२८ मध्यें ब्राह्मण २११, प्रभु ३७, वैश्य ३८, क्षत्रिय २६, इतर १५, आणि ज्यांस त्या तक्त्यांत शूद्र म्हटलें आहे त्यांच्यापैकीं १. इलाख्यांत गुजराथ व सिंधही मोडत असल्यामुळें वैश्यांचा आंकडा महाराष्ट्राचा धरतां येत नाहीं, आणि ‘क्षत्रिय’ या सदरांत कोणाकोणास घातलें हेंही विचारण्याजोगें आहे. तरी शेतकरी, माळी, कोष्टी, कुंभार, धनगर अशा अफाट प्रजेच्या वांट्यास आलेला तो ‘१’ कोणत्याही दुरुस्तीनें फारसा वाढेल असें आम्हांस वाटत नाहीं.

जोतीराव फुल्यांच्या चरित्रांतील एक प्रसंग या संदर्भांत फार बोलका आहे. लहानपणीं त्यांचें नांव शाळेंतून काढलें गेलें होतें. शेजारीं राहणारे गफार बेग मुनशी आणि लिजिट साहेब यांनीं गोविंदरावांचें मन वळविलें म्हणून १८४१ सालीं जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेंत गेले. म्हणजे शिफारस त्यांनाही लागलीच. फक्त ती एका मुसलमान मुनशीची व एका परदेशी गृहस्थाची होती, कारण माळ्यांच्या जातींत ती देणारा कोणी नव्हता. पुढें १८५६ सालीं धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलानें प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. प्रकरण विलायतेपर्यंत गेलें, आणि १८५८ सालीं सरकारी खर्चाच्या शाळा सर्व जातींस खुल्या आहेत असें ठरलें. त्यानंतर चोवीस वर्षांनीं, १८८२ च्या ऑक्टोबरांत, फुल्यांनीं हंटर कमिशनापुढें निवेदन दिलें. रयतेच्या करावर उच्च शिक्षण चालतें व त्याचें फळ वरच्या वर्गाच्या पदरीं पडतें, तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें आणि ज्या वर्गांत शिक्षणाचा प्रसार नाहीं त्यांस शिष्यवृत्त्या द्याव्या, अशी त्यांची मागणी होती. कायदा झाला, दार उघडलें, तरी कोणी आंत येत कां नाहीं, हें त्यांस पुरतें ठाऊक होतें.

या रोगावर नेमका उपाय योजला गेला तो कोल्हापुरांत. २ एप्रिल १८९४ रोजीं शाहू छत्रपतींनीं राज्यसूत्रें हातीं घेतलीं तेव्हां दरबारच्या सामान्य कारभारांतील ७१ अधिकाऱ्यांपैकीं ६० ब्राह्मण होते आणि कारकुनीच्या सुमारें ५०० जागांपैकीं ब्राह्मणेतर अवघे दहाच्या आसपास. मराठ्यांच्या मुख्य गादीच्या राज्यांत ही स्थिति! १८९५ सालीं महाराजांनीं भास्करराव जाधवांस असिस्टंट सरसुभे नेमलें. पण दुसरा भास्करराव शोधावयास गेल्यावर मिळेना, कारण पदवीधर मराठे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. १८९६ सालीं विद्यार्थ्यांकरितां एक वसतिगृह काढलें तें सर्व जातींस खुलें होतें. थोड्याच वर्षांत तेथें ब्राह्मण विद्यार्थीच उरले. बाकीचे एकेक करून गळाले. आमच्या मतें हा प्रयोग फसला हीच शाहू छत्रपतींच्या शिक्षणकार्यांतील सर्वांत फलदायी गोष्ट होय. सर्वांस खुलें असलेलें घर प्रत्यक्षांत त्यांचेंच होतें, ज्यांचे आप्त आधींपासून त्या घरांत असतात, हें तेथें उघड दिसून आलें. स्वयंपाक कोणाचा, पंगत कोणाची, देखरेख कोणाची, अभ्यासांत अडलें तर वरच्या वर्गांतला कोण मुलगा सांगणार, असल्या बारीकसारीक गोष्टींनीं तें घर सहा-सात महिन्यांत एका जातीचें होऊन जातें.

म्हणून १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें. त्याच सुमारास जैनांचें, १९०६ सालीं मुसलमानांचें, १९०७ सालीं लिंगायतांचें, १९०८ सालीं अस्पृश्यांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग, आणि पुढें शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, कायस्थ प्रभु इत्यादि जातींचीं वसतिगृहें कोल्हापुरांत उभीं राहिलीं. जातवार वसतिगृहें काढून जातिभेद वाढविला, असा आक्षेप तेव्हांही घेतला गेला आणि अजूनही क्वचित् ऐकूं येतो. आक्षेपकांनीं एवढेंच ध्यानीं घ्यावें कीं, वसतिगृह आधींपासूनच जातवार होतें. तें पुण्याच्या सात घरांत विखुरलेलें असल्यामुळें दिसत नव्हतें. ज्यांस सात घरें नव्हतीं त्यांस महाराजांनीं एक बांधून दिलें. मराठा पाटलाचा मुलगा त्या इमारतींत आला म्हणजे त्याला भाकरी मिळे; शिवाय दरबाराची नजर, वरच्या वर्गांतील सोबती, आणि मागें नोकरीस लागलेल्या जुन्या विद्यार्थ्याचा पत्ता हेंही मिळे.

क्रम नीट पाहावा. वसतिगृह १९०१ चें. राखीव जागांचा प्रसिद्ध हुकूम २६ जुलै १९०२ चा, महाराज विलायतेंत असतांना काढलेला. यापुढें रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा पन्नास मागासलेल्या वर्गांतील लोकांस द्याव्या. ब्राह्मण, प्रभु, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग खेरीजकरून बाकी सर्व मागासलेले समजावे. ज्या खात्यांत असें प्रमाण नाहीं तेथें पुढची नेमणूक याच वर्गांतून करावी. आणि प्रत्येक खातेप्रमुखानें आपल्याकडील नेमणुकांचा तिमाही तक्ता सादर करावा. आमच्या दृष्टीनें या हुकमाचें मर्म शेवटच्या कलमांत आहे. वशिला हा तोंडी कारभार. त्याला तक्ता मानवत नाहीं. कोणाची नेमणूक झाली हें दर तीन महिन्यांनीं कागदावर मांडावें लागूं लागलें तेव्हां शिरस्तेदाराच्या भाच्यास जागा देणें पूर्वींइतकें सहज राहिलें नाहीं. १९१२ सालीं ९५ अधिकाऱ्यांमध्यें ब्राह्मण ३५ होते. १९१८ सालीं कुळकर्णी वतनें खालसा करून पगारी तलाठी नेमले, तेव्हां बापाच्या शेजारीं बसून मोडी शिकण्याची ती जुनी घरगुती शाळाही त्या संस्थानापुरती संपली. कुळकर्णी घराण्यांनीं यावर केवढें काहूर उठविलें त्याचीं पत्रकें व अर्ज संग्राहकांजवळ आहेतच.

या उपायालाही एक मर्यादा होती, ती लपवून चालणार नाहीं. जातीचें वसतिगृह म्हणजे जातीचें शिडीघर. वर चढावयास तें चांगलें, पण आडवें जातां येत नाहीं. जैन बोर्डिंगांत राहणारे भाऊराव पाटील १९०८ सालीं मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास जाऊन आले आणि परत आल्यावर स्नान करण्याचें नाकारल्यामुळें त्यांस तेथून बाहेर पडावें लागलें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. त्याच भाऊरावांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ सालीं साताऱ्यास जें बोर्डिंग काढलें त्यांत मराठा, महार, जैन, मुसलमान मुलें एका चुलीवरचें जेवीत. पंक्तीची भिंत पाडल्याशिवाय ओळखीची भिंत पडत नाहीं, हें त्यांस स्वानुभवानें समजलें होतें. १९२७ सालीं गांधींच्या हस्तें त्या वसतिगृहास शाहू छत्रपतींचें नांव देण्यांत आलें.

शिक्षण पुरें झालें तरी ओळखीच्या अभावीं त्याचें मोल कसें मातीस मिळतें, याचें डॉ. आंबेडकरांच्या चरित्राहून ढळढळीत उदाहरण दुसरें नाहीं. त्यांचा आरंभ एका शिफारसीनें झाला. १९०७ सालीं मॅट्रिक झालेल्या या मुलास कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनीं हेरलें, सयाजीराव महाराजांकडे नेलें, आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ति मिळवून दिली. बागेंत नित्य वाचावयास बसणाऱ्या एका मुलाशीं जातीबाहेरच्या एका शिक्षकानें बोलावें, एवढ्या बारीक धाग्यावर पुढचें सर्व लोंबत होतें. १९१३ सालीं ते बडोद्याच्या खर्चानें अमेरिकेस गेले. १९१७ सालीं कोलंबिया विद्यापीठांतील अध्ययनानंतर करारानुसार बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तों शहरांत राहावयास खोली मिळेना. शेवटीं एका पारशी धर्मशाळेंत पारशी नांव घेऊन राहिले. अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेल्या जमावानें त्यांस तेथून निघावयास लाविलें. पदवी होती, नेमणूक होती, खुद्द महाराजांची मर्जी होती. नव्हतें तें एक घर. ज्या बडोद्यांत कोणाही पुणेकर ब्राह्मण पदवीधरास पहिल्या रात्रीं दहा बिऱ्हाडें उघडीं होतीं, तेथें यांस एकही नव्हतें. १९२४ सालीं बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन होतांच तिनें हातीं घेतलेल्या पहिल्या कामांत सोलापूरचें विद्यार्थी वसतिगृह होतें, तें १९२५ च्या आरंभीं उघडलें. त्याचें कारण वाचकांस वेगळें सांगावयास नको.

कारकुनी आणि पदव्या यांच्यापुरतीच ही गोष्ट आहे असा समज होऊं नये, म्हणून मुंबईच्या गिरण्यांविषयीं दोन शब्द. तेथें भरती जॉबरच्या हातून होई. जॉबर आपल्या गांवचीं, आपल्या भावकीचीं माणसें आणी. तीं एका चाळींत राहत, एका खाणावळींत जेवत, आणि साच्यावर बसलेल्या चुलत्याशेजारीं उभें राहून पुतण्या काम शिके. विणकाम खात्यांत मजुरी चांगली. पण कांडी बदलतांना धोट्याच्या भोंकांतून धागा तोंडानें ओढावा लागे, या सबबीवर महारांस त्या खात्यांत मज्जाव होता. १९२८ च्या संपाच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं हा प्रश्न उघडपणें मांडला. बिनशिक्षणाच्या मजुरींतही वरची व खालची पायरी पंक्तीच्या न्यायानेंच ठरली होती.

याच ओळखीची दुसरी बाजू फार अलीकडे कैवन मुन्शी व मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनीं दादर भागांतील शाळांच्या पाहणीवरून दाखविली. त्यांचा निबंध २००६ सालचा आहे. त्यांस असें आढळलें कीं, ज्या जातींचे पुरुष पिढ्यान् पिढ्या जातभाईंच्या वशिल्यानें मजुरींत लागत आले त्या जाती मुलांस मराठी शाळेंत घालीत राहिल्या, आणि मुली मात्र इंग्रजी शाळांत जाऊं लागल्या. कारण मुलींसाठीं ओळखीची नोकरी नव्हतीच, त्यामुळें त्यांस अडविणारेंही कांहीं नव्हतें. जें जाळें एकेकाळीं बापास गिरणींत घेऊन गेलें, त्याच जाळ्यानें गिरण्या बंद पडूं लागल्यावर मुलास मागें धरून ठेविलें. पुण्याच्या वारांचा व गिरणींतल्या जॉबरचा विचार एकत्र केल्यावांचून हें कोडें सुटणार नाहीं.

आतां संग्राहकांस विनंति. सनदा, निवाडे व राजकारणाचीं पत्रें यांचा सांभाळ आपण उत्तम केला आहे. त्यांजबरोबर किरकोळांतले रुमालही एकदां सोडावे. सोय लावून देण्याचीं पत्रें, वार लावलेल्या मुलांच्या घरगुती वह्यांतील नोंदी, उमेदवारांचे अर्ज व त्यांवरील शेरे, वसतिगृहांचीं हजेरीपटें, कोठीचे जमाखर्च, खाणावळींच्या वह्या, जॉबरांनीं गांवीं पाठविलेलीं पत्रें व मनीऑर्डरींच्या पावत्या, यांपैकीं जें सांपडेल त्याची वेगळी यादी करावी. नोंद करतांना पत्र कोणाचें, कोणास, मुलगा कोणत्या गांवचा व कोणत्या जातीचा, त्याचें शिफारस करणाऱ्याशीं नातें काय, आणि पुढें त्यास जागा मिळाली कीं नाहीं, एवढीं पांच कलमें लिहिलीं तरी पुरे. ज्या घरांत मोडी वाचणारें आतां कोणी उरलें नाहीं तेथें हे कागद आधीं रद्दींत जातात, कारण त्यांवर शिक्का नसतो. त्यांतही मराठा, महार, माळी, लिंगायत, मुसलमान घरांतील पेट्यांकडे आम्हां संशोधकांचें पाऊल क्वचितच वळलें आहे. वसतिगृहांच्या जुन्या वह्या कांहीं ठिकाणीं कोठीच्या माळ्यावर अद्याप पडून असतात. पावसाळ्यापूर्वीं त्या खालीं उतरवून घेतल्यास बऱ्याच वाचतील.